आमच्याकडचं ‘बघू’

आमच्याकडे ‘नाही’ म्हणत नाहीत. पावसजवळच्या आमच्या वाडीत कुणी कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. लग्नाला जायचं नसलं, स्थळ पसंत नसलं, शेजाऱ्याला शिडी द्यायची नसली, की माणूस म्हणतो, ‘बघू.’ समोरचा काय ते समजतो, चहा पितो आणि उठतो. ह्या एका शब्दापायी माझं कॉलेज हुकणार होतं.

बारावी सायन्सला चांगले गुण पडले आणि मी घरात जाहीर केलं, की मला भाषाविज्ञान शिकायचंय. माणसं बोलतात कशी, शब्द बदलतात कसे, ते. आई म्हणाली, “बोलायला येतं की तुला. वाईच जास्तच येतं.” शेजारच्या काकूंनी विचारलं, “म्हणजे मराठीची बाई होणार?” मी काही कुणाचं ऐकून गप्प बसणाऱ्यातली नव्हते. आठवीपासून माझी एक वही होती. वाडीतले, जेटीवरचे, मोहल्ल्यातले शब्द मी तीत उतरवून ठेवी. डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळाला आम्ही सडा म्हणतो आणि पुस्तकातला सडा मात्र अंगणात घालतात, ह्याची मला फार गंमत वाटायची.

काय शिकायचं ते ठरलं होतं, कुठं ते कळत नव्हतं. रत्नागिरीत राहून मराठीत बीए करावं आणि पुढं वळावं, की हा विषय पहिल्या वर्षापासून शिकवणारं पुण्याचं कॉलेज धरावं? ह्यातलं काहीच जमलं नाही, तर बाबांनी बीएस्सी केमिस्ट्रीचा फॉर्म आणून ठेवलेलाच होता. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. न बघितलेली गाडी ते घेत नाहीत, आणि भाषाविज्ञान ही गाडी त्यांनी कधी बघितलेलीच नव्हती.

माझ्या कॉलेजातल्या मराठीच्या बाईंनी एका प्राध्यापकांचा नंबर दिला. सर मूळचे कोल्हापूरकडचे, पुण्यात हाच विषय शिकवणारे. फोन बाबांनीच करायचा, कारण मोठ्यांशी मोठ्यांनी बोलायचं ही आमच्याकडची रीत. आमच्या घरात रेंज नाही, म्हणून ते गडग्यावर, अंगणाच्या दगडी कुंपणावर, चढून उभे राहिले. मी खाली, दगडाला हात लावून. फोन स्पीकरवर होता. बाबांनी सगळं सांगितलं, वहीचंसुद्धा, आणि पोरीला वाट दाखवाल का, असं विचारलं. पलीकडून खरखरत आवाज आला, “असं होय? वही पाठवून द्या, बघू...” आणि रेंज गेली.

बाबा खाली उतरले. “नाय म्हणाला गो माणूस.”

मलाही तसंच वाटलं, ह्याची आजही लाज वाटते. भाषेचा अभ्यास करायला निघालेली मी, आणि मी एकदाही ‘पण ते कोल्हापूरचे आहेत’ असा विचार केला नाही. वही पाठवली नाही. आठ दिवस तोंड पाडून हिंडले.

पुण्याच्या कॉलेजची मुदत संपायला दोन दिवस उरले तेव्हा माझं डोकं फिरलं. मी गडग्यावर चढले आणि सरांना फोन लावला. म्हटलं, “सर, नाहीच म्हणायचं होतं तर सरळ म्हणायचं होतंत.”

“मी कधी नाही म्हणालो?” सर चकित. “बघू की, म्हणालो! आठ दिवस तुझ्या वहीची वाट बघतोय.”

तो ‘की’ रेंजबरोबर गेला होता, आणि कोल्हापूरकडं ‘बघू की’ म्हणजे चक्क ‘हो’. मी त्यांना आमच्याकडचं ‘बघू’ समजावून सांगितलं. ते इतके हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. “अगं, हाच तर तुझा विषय,” ते म्हणाले. “आधी हे वहीत लिही.”

मग जवळजवळ तासभर ते बोलले. कॉलेजच्या नावाला भुलू नकोस, अभ्यासक्रम मागवून वाच. गणित आवडतं ना, मग ते सोडू नकोस, इथं लागतं. गावोगाव फिरवून माणसांचं बोलणं ऐकायला लावतात का, ते तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला विचार, ऑफिसात नको. आणि जिथं तुझं बोलणं सुधारायला बघतील, तिथं पाऊल टाकू नकोस. हे शेवटचं ऐकून माझा ऊर भरून आला. तोवर मला सगळ्यांनी ‘नाय नव्हे, नाही म्हण’ एवढंच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या ओळखीनं पुण्याच्या कॉलेजातली एक मुलगी फोनवर मिळाली. ती सांगलीकडच्या जतची होती आणि माझ्याशी बिनदिक्कत जतचंच बोलली. माझं ठरलं.

संध्याकाळी बाबा डेपोतून आले, साबणानं हातांचं ग्रीस काढत मोरीपाशी बसले. मी त्यांना सगळं सांगितलं, ‘बघू की’सकट. ते हसले नाहीत. हात घासतच राहिले. मी पालकांच्या सहीचा कागद घेऊन उभी होते आणि मुदत उद्याची होती.

“जाऊ ना, बाबा?”

“बघू,” बाबा म्हणाले.

मी कागदाची घडी घालायला लागले.

त्यांनी वर बघितलं, माझा चेहरा बघितला, आणि ओले हात लेंग्याला पुसत म्हणाले, “आपलं नव्हे गो बाय, त्या कोल्हापूरवाल्याचं. पेन आण.”