धातूची काच आणि आबांची मांडी

दौंड स्टेशनवर निरोप द्यायचा सोडून आबा माझी बॅग तपासत बसले. कुलूप ओढून पाहिलं, चेन दोनदा उघडून लावली, डब्यातल्या शेजाऱ्याला गाव विचारलं. गाडी हलली तसं खिडकीतून म्हणाले, "लई गोड बोलतोय त्यो, लांब बस." मी जपानला निघालो होतो.

आपल्या इनामगावात मागे राहिलेले तुम्ही आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, सगळेच माझ्या वडिलांचा हा संशय ओळखून आहात. आमचं घर मूळचं मेंढरांचं. शिरूरच्या बाजारातून नवी कातर आणली की आबा ती गंजते का बघायला दिवसभर आंबट ताकात बुडवायचे, मग दोन पाती जुळतात तिथं नख फिरवायचे. "चकाकतंय तिथं काय बघतूस? जोडात बघ."

जपानच्या लॅबमध्ये माझं काम तेच निघालं, फक्त ताकाऐवजी रक्ताइतकं खारट पाणी. वितळलेला धातू झटक्यात थंड केला की स्फटिक बनायला सवडच मिळत नाही. त्याला धातूची काच म्हणतात. ती तडकते, म्हणून आम्ही टायटॅनियमच्या काचेत मऊ स्फटिक मुद्दाम राखायचो. मोडलेलं हाड जोडायच्या पट्ट्या यातून बनाव्यात, ही आमच्या सेन्सेईंची, म्हणजे सरांची आशा. कितीतरी आठवडे गेले, माझ्या तुकड्यांवर गंजाचा डाग नाही. सेन्सेई खूश. मला मात्र जेवण गोड लागेना. इतकं चांगलं कसं? मायक्रोस्कोपखाली काच आणि स्फटिक भेटतात तिथंच शोधत बसलो, आणि सापडले. बारीक बारीक खड्डे. काच कुरतडली जात होती.

त्याच आठवड्यात फोन आला. आबा बांधावरून पडले होते, मांडी मोडली होती. डॉक्टर टायटॅनियमची पट्टी घालायची म्हणत होते आणि आबा कागदावर अंगठा द्यायला तयार नव्हते. ऑपरेशन टळलं असतं तर ते पुन्हा उभे राहिले नसते.

आबांनी फोन घेतला, "तुझ्या धातूतलंच हाय म्हनत्यात. अंगात गंजंल का?"

त्यांची पट्टी आमची नव्हती. जुना, वर्षानुवर्षं वापरातला मिश्रधातू. नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण डोळ्यांपुढे ते खड्डे होते, मी अडखळलो.

"गप का झालास? काय लपवतोस?"

मग सगळं सांगितलं. आमच्या धातूत खड्डे पडलेत, तुमची पट्टी वेगळी, तिच्यावर माझा भरवसा आहे. आबा म्हणाले,

"डाक्टर लगीच 'न्हाई गंजत' म्हनला, तवाच मला शंका आली. तू अडखळलास, म्हंजी तू बघितलंयस. घालू दे."

त्या पट्टीवर आबा पाच-सहा वर्षं रानात फिरले. गेले तेव्हा मी वेळेत पोचलो नाही, याची बोच अजून आहे. राख सावडताना धाकट्या भावानं पट्टी बाजूला काढली होती, ती त्यानं माझ्या हातात दिली.

"दादा, आतनं गंजली नव्हती ना?"

मी ती उन्हात नेली, स्क्रूच्या भोकांपाशी पाहिलं. चितेच्या आगीत वरचा थर पुरता बदलला होता, त्यावरून काहीच ठरत नव्हतं. भाऊ डोळ्यांत पाणी आणून बघत होता. मी न अडखळता म्हणालो, "न्हाई."

त्यानं लगेच मान हलवली. माझं अडखळणं ज्याला ऐकू यायचं, तो माणूस म्हणजे माझं घर होतं. आता गावात सगळे माझ्यावर विश्वास ठेवतात.