एक्केचाळीस फोन आणि पाण्याचा घोट

राजांनी आयुष्यात एकदाही राजाचं काम केलं नव्हतं. रंगभूमीवर तीस वर्षं काढली, ती बहुतेक भाला धरून राजाच्या मागे. चार-दोन नाटकांत तर ते मध्यंतराआधीच मेले. "मी पडलो की लोक चहाला उठायचे," असं स्वतःच सांगायचे. पण आवाज असा, की उतारवयात सांख्यिकी कार्यालयात तात्पुरत्या नोकरीवर रुजू झाले त्याच दिवशी सगळ्यांनी त्यांना 'राजे' करून टाकलं.

काम फोनवरचं. परदेशात माल पाठवणाऱ्या एक्केचाळीस कारखान्यांना दर तीन महिन्यांनी विचारायचं, कोणत्या देशात काय आणि किती पाठवलंत? सगळ्या देशांचे असे आकडे एका आंतरराष्ट्रीय समितीपुढे जात. कोण नुसता विकतच सुटलाय, कोण उधारीवर घेतच सुटलाय, हे पाणी डोक्यावरून जायच्या आधी कळावं म्हणून. पूर्वी निम्मे कारखाने दाद देत नसत. राजांचा खर्ज कानावर पडला आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बोलू लागले. विभागाच्या फळ्यावर त्यांच्यापुढे 'शंभर टक्के' लिहिलेलं असे. पाणी प्यायला जाताना राजे त्या फळ्यासमोरून जात. पाणी खरं तर दुसऱ्या टोकाला होतं.

एका सोमवारी विभागप्रमुख बाईंनी त्यांना खोलीत बोलावलं.

"राजे, शेजारचा देश म्हणतोय, आमच्याकडे जेमतेम सातशे पंप आले. आपण लिहिलंय बाराशे. मधले पाचशे काय सरहद्दीवर विरघळले?"

"त्यांचा मोजणारा डुलकी काढत असेल, बाई."

"असेलही. शुक्रवारी माझ्या सहीनं आकडे समितीकडे जायचेत. तुमच्या फोनचं रेकॉर्डिंग ऐका. त्यातला आकडा आणि तुम्ही भरलेल्या तक्त्यातला आकडा जुळला, की मी त्यांना कळवते, चूक त्यांचीच म्हणून. तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागदही शुक्रवारीच बघू."

राजांनी कानाला हेडफोन लावला. पहिला अर्धा तास ते कामाचं काहीच ऐकत नव्हते, स्वतःला ऐकत होते. काय तो 'नमस्कार'! एक नमस्कार त्यांनी तीनदा मागे नेऊन ऐकला. आकडे जुळतच होते. नववा फोन पंपांच्या कारखान्याचा. तिथल्या हिशेबनिसाला राजे विचारत होते, "शेजारच्या देशात किती पंप गेले?" मग शांतता. फार तर दोन सेकंद. आणि लगेच पुन्हा राजांचाच आवाज, "मागच्या वेळी बाराशे होते... तेवढेच ना?"

"हो हो, तेवढेच लिहा."

हेही राजांनी तीनदा मागे नेऊन ऐकलं. पुढचा फोन कुलपांच्या कारखान्याचा. तिथेही तेच. त्याच्या पुढचाही. वर्षभर सगळीकडे तेवढेच, तेवढेच, तेवढेच.

सवय जुनी होती. स्वतःला वाक्यं नसल्यामुळे राजांना बाकीच्यांची सगळी पाठ असत. कुणी अडखळला की मागून भालेवाला हळूच वाक्य पुरवी. रंगमंचावरच्या शांततेला ते इतके घाबरत, की एकदा नायक मुद्दाम थांबला होता, तर त्याचंही वाक्य यांनीच म्हणून टाकलं. तिथे फक्त नाटक पडलं होतं. इथे मागणी कधीच ओसरली होती आणि देश मात्र कागदावर झोकात माल विकत होता.

गंमत अशी, की आकडे सगळे जुळत होते. राजे गप्प बसले असते तर चूक शेजारच्या देशाच्या माथी मारून मोकळे झाले असते.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"यात नवल काय?" ती म्हणाली. "लग्नाचं तुम्ही विचारलंत आणि माझा होकारही तुम्हीच दिलात. मी अजून विचारच करत होते."

"अगं, पण आता काय करू? नोकरी जाईल."

"तोंडात पाणी धरा."

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही. प्रश्न विचारायचा आणि घोट घ्यायचा. समोरचा बोलेपर्यंत गिळायचा नाही. मी चाळीस वर्षांत हे आधी का नाही सुचवलं, याचंच वाईट वाटतंय."

मंगळवारी सकाळी राजे बाईंपुढे उभे राहिले. एवढं लांब भाषण त्यांना कुठल्याच नाटकात मिळालं नव्हतं, आणि ते सारखे अडखळले. बाईंनी फक्त विचारलं, "किती कारखाने?"

"सगळे."

"मग सगळे पुन्हा. शुक्रवारपर्यंत. मी शेजारी बसते."

राजांनी तांब्या भरून घेतला. पंपांच्या हिशेबनिसाला प्रश्न विचारला आणि घोट घेतला. दोन सेकंद गेले. पाच गेले. राजांच्या कपाळावर घाम आला, डोळे बाहेर आले. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबा हं," हिशेबनीस म्हणाला, "फाइल काढून बघतो. इतके दिवस तुम्हालाच ठाऊक असायचं, म्हणून मी कधी उघडलीच नाही."

अकरा मिनिटांनी उत्तर आलं. सहाशे नव्वद. राजांनी घोट गिळला. मग मागच्या तीन तिमाह्या विचारल्या, तीन घोट.

शुक्रवारी दुपारपर्यंत एक्केचाळीस फोन आणि कित्येक तांबे झाले. वर्षभराचा सरळ गुळगुळीत आलेख आता पडक्या जिन्यासारखा उतरत होता. बाईंनी 'दुरुस्त आकडे, चूक आमची' असं वर स्पष्ट लिहून तो पाठवला. फळ्यावरचे शंभर टक्के राजांनी स्वतःच पुसले.

मग बाईंनी मुदतवाढीचा कागद पुढे ओढला आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. पेन उघडलं, पण काहीच बोलेनात. पूर्वीचे राजे असते तर, "नाही म्हणायचंय ना बाई, म्हणा," असं वाक्य पुरवून मोकळे झाले असते. आज त्यांनी फक्त गाल फुगवले.

"सहा महिने," अखेर बाई सही करत म्हणाल्या. "चालेल?"

राजांना उत्तर द्यायचं होतं. पण घोट जरा मोठाच घेतला होता. त्यांनी जोरजोरात मान हलवली, आणि थोडं पाणी कागदावर सांडलं.

"सहीवर नाही पडलं," बाई म्हणाल्या, "नशीब तुमचं."