नाकाले इचारा

मूठभर रेती उचलायची, दाबायची, मूठ उघडायची. हातात जो गोळा राहील तो अंगठ्याने मधोमध मोडायचा आणि मोडलेली बाजू नाकाशी न्यायची. क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "जमली." कोणी विचारलंच, की मामा, पाणी जास्त झालं हे तुम्हाला कळतं कसं, तर उत्तर ठरलेलं.

"नाकाले इचारा."

खामगावच्या एमआयडीसीत पंपाचे भाग ओतणारी आमची फाउंड्री आहे. मामा तिथे लोखंड ओतायचे रेतीचे साचे करायचे. मी स्टोअर सांभाळतो, अजूनही तेच करतो. ते संग्रामपूरकडचे, आठवडाभर इथे खोली करून राहायचे आणि सुट्टीच्या दिवशी एसटीने गावी जायचे. माझ्या वडिलांच्या वयाचे, पण मला 'बाबू' म्हणून अहोजाहो करायचे. तुमच्याही पाहण्यात असा एखादा कारागीर असेल, ज्याचं सगळं शिक्षण त्याच्या हातात आणि नाकात असतं.

एकदा एक नवा इंजिनियर ओलावा मोजायचं यंत्र घेऊन आला. यंत्र म्हणालं रेती ठीक आहे. मामा म्हणाले पाणी जास्त आहे. साहेबाने यंत्राचं ऐकलं आणि त्या दिवशीचा सगळा माल भोकंभोकं पडून निघाला. मामा हसले नाहीत. यंत्राकडे बघून काळजीने म्हणाले, "सर्दी झाली असन त्याले."

मग रसायनाचे निळे ड्रम आले. ते रेतीत मिसळलं की साचा न भाजता दगडासारखा घट्ट व्हायचा आणि माल असा गुळगुळीत निघायचा की मालक त्यावरून हात फिरवत बसायचा. वास मात्र डोळ्यांत घुसायचा. तापलेलं लोखंड ओतलं की धूर निघायचा आणि शेडमध्ये सगळे खोकायचे. धूर ओढायचा पंखा यायचा होता. तो आजही यायचाच आहे.

मामा ही रेतीही हुंगायचे. कितव्या मिनिटाला घट्ट होईल ते वासावरून सांगायचे आणि चुकायचे नाहीत. आम्ही भोवती उभे राहून "वा मामा, वा" करायचो. पाहुणा आला की मी मुद्दाम त्यांना हाक मारायचो, हुंगून दाखवा म्हणायचो. आता ते आठवलं की मला माझी शिसारी येते.

कारण पहिल्या ड्रमबरोबरच इंग्रजी कागद आला होता आणि तो मी वाचला होता. हातमोजे घाला, मास्क लावा, वाफ छातीत जाऊ देऊ नका. आणि एक ओळ अशी होती: वासावर विसंबू नका. मी कागद मॅनेजरकडे नेला. म्हणालो, मराठीत करून भिंतीवर लावतो. तो मान वर न करता म्हणाला, "आत्ताच रंग दिलाय भिंतीला. फाईलला लाव."

मी फाईलला लावला. मामा दारात उभे होते.

"बाबू, काय लिवेल हाय त्याच्यावर?"

"काही नाही मामा. वापरायची रीत आहे."

"ते तं मले येते," म्हणाले आणि गेले.

मास्क नव्हते असं नाही. माझ्या कपाटात होते, माणशी एक. सरकारी तपासणीचा साहेब यायचा असला की सकाळी वाटायचे आणि तो गेला की मोजून परत घ्यायचे, हे काम माझं. मामा आपला मास्क घडी करून, दोन्ही हातांनी परत द्यायचे. साहेब कधी नाकातोंडावर रुमाल धरून शेडमधून चालत जायचा, कधी शेडमध्ये जायचाच नाही. थू त्या तपासणीवर.

एक दिवस मामा मुठीत रेती घेऊन स्टोअरमध्ये आले. आवाज खाली करून म्हणाले, "बाबू, जरा हुंगून सांगा न. मले वासच नाही येऊन राह्यला."

मी हुंगलं. नाकातून मेंदूपर्यंत झणझणलं. "येतोय मामा," म्हणालो. त्यांनी ती रेती पुन्हा नाकाशी नेली. त्यांच्या खोकल्याकडे तोवर मी लक्ष दिलं नव्हतं. पुढे चार पावलं चालली की त्यांना थांबावं लागायचं. एका महिन्यात त्यांनी काम सोडलं. सोडलं कसलं, उद्यापासून येऊ नका असं त्यांना सांगितलं गेलं.

नंतर ते एकदाच गेटवर आले. भिंतीला टेकून, दम खात म्हणाले, "अकोल्याचा डाक्टर म्हंते, कंपनीत काय हुंगत होते त्याचं नाव लिहून आना. तवा नीट दवा देता येईन. तो कागद देता का?"

कागद माझ्या टेबलामागच्या फाईलमध्ये होता. मी मॅनेजरला विचारायला गेलो. विचारायला गेलो, हाच माझा नेभळटपणा. तो म्हणाला, "सापडत नाही म्हणून सांग. उद्या हे कोर्टात जातील."

मी गेटवर आलो आणि म्हणालो, "सापडत नाही मामा."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या बाबू. इतके कागद सांभाळनं सोपं हाय का." मग रस्ता ओलांडून गेले, मध्ये दोनदा थांबले. मी हाक मारली नाही. माझ्या घरी दोन पोरं आहेत, नोकरी आहे, असं मी मनात म्हणत होतो. ही सबब मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली आहे आणि सगळ्यांना ती पटते. त्याचीही मला घाण वाटते.

मामा गेल्याचं त्यांच्या गावच्या एका माणसाकडून कळलं. त्या दिवशी मी फाईल काढली, कागद मराठीत मोठ्या अक्षरात लिहिला आणि रेती मिसळायच्या यंत्रावर चिकटवला. वासावर विसंबू नका, ही ओळ लाल शाईत लिहिली. कोणाला विचारलं नाही. मॅनेजरने तो पाहिला, पण तपासणी तोंडावर होती म्हणून राहू दिला.

साहेब आला. कागदापुढे थांबला, पूर्ण वाचला आणि म्हणाला, "मराठीत लावलंय. कामगारांची काळजी घेता तुम्ही." मॅनेजरने माझी पाठ थोपटली. आणि मी, निर्लज्ज माणूस, म्हणालो, "थँक्यू, सर."

संध्याकाळी सगळ्यांचे मास्क मोजून कपाटात ठेवले. एक तिथेच पडून होता, घडी केलेला. सकाळी वाटताना तो उरला होता.