आठ दिवस मुरलेला अर्ज

माझ्या ताईच्या थोरल्या दिरांनी जितक्या माणसांना नोकरीला लावलं, तितक्यांना त्या नोकरीत सुखाने बसू दिलं नाही, आणि या दोन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच तळमळीने केल्या. उभ्या नगर जिल्ह्यात असा दुसरा माणूस झाला नसेल. त्यांनी माझं भलं केलं की नुकसान, हे मला आज नातवंडं झाल्यावरही नक्की सांगता येत नाही. विचार करायला बसलो की सकाळी एक उत्तर येतं आणि संध्याकाळी दुसरं.

श्रीरामपूरला एका भुसार दुकानाच्या माडीवर त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. पाच मशीनं, एक बाक, एक माठ आणि कोपऱ्यात बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा, एवढाच संसार. त्यांनी लग्न केलं नव्हतं, राहायला-जेवायला ते ताईच्याच घरी असत. ताई त्यांना भाऊजी म्हणे, गाव मास्तर म्हणे, म्हणून मीही मास्तरच म्हणत असे. मे महिन्यातसुद्धा ते बंद गळ्याचा कोट घालत आणि बोटं कायम रिबिनीच्या शाईने काळी असत. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. पोरगा ज्या मशीनवर शिकला तो नंबर मात्र जन्मभर लक्षात राही. एकदा कलेक्टर कचेरीतला एक मोठा साहेब जीपमधून उतरून त्यांच्या पाया पडला, तर मास्तर शेजारच्यांना म्हणाले, "हा आमचा तीन नंबर. याची करंगळी कधी नीट पडली नाही." साहेब आपली करंगळी मुठीत लपवून उभा राहिला.

त्यांची दुसरी खोड म्हणजे बोटं कधी थांबायची नाहीत. जेवताना ताटाच्या कडेवर, देवळात खांबावर, कोणाच्या मयताला गेले तर स्वतःच्या गुडघ्यावर. जे तोंडाने बोलायचं नाही ते मास्तर बोटांनी टाईप करतात, असं ताईचं म्हणणं होतं. ताट वाजतंय कसं यावरून आमटीत मीठ कमी पडलंय हे तिला स्वयंपाकघरात बसून कळायचं. मीही सहा महिन्यांत थोडंफार वाचायला शिकलो होतो. उजव्या हाताची बोटं जोरात चालली की समोरच्याची खैर नसे, आणि डाव्या हाताचा अंगठा नुसताच हलला की स्वारी खूश आहे असं समजावं.

पण त्यांची खरी ख्याती अर्जांबद्दल होती. नोकरीचा अर्ज टाईप करून घ्यायला पंचक्रोशीतली पोरं त्यांच्याकडे येत. मशीनला कागद लावायच्या आधी मास्तर एकच प्रश्न विचारत. ही नोकरी लागली, तर रोज सकाळी अकरा वाजता तू काय करत असशील? पगार किती, बढती कधी, पेन्शन आहे का, यातलं काही त्यांना ऐकायचं नसे. दहाला माणूस नुकताच आलेला असतो, बाराला त्याला डबा आठवतो, तेव्हा खरी नोकरी म्हणजे अकरा वाजता जे चाललेलं असतं ते, असा त्यांचा हिशोब होता. पोरं गांगरून जात. आईबापांनी त्यांना सगळं पढवलेलं असे, अकरा वाजताचं कोणीच सांगितलेलं नसे.

हा प्रश्न त्यांना स्वतःच्याच आयुष्याने शिकवला होता. तरुणपणी ते परीक्षेत पहिले आले होते आणि मुंबईला एका भल्या मोठ्या कचेरीत चिकटले होते. दीड वर्षाने परत आले. नातेवाइकांना वाटलं, काहीतरी भानगड झाली. ताईच्या सासऱ्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले की रोज अकरा वाजता मी एकच वाक्य टाईप करत होतो, आपले पत्र मिळाले, योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे. आणि कार्यवाही कधीच होत नव्हती. एवढ्यावरून कोणी मुंबईची नोकरी सोडतो का, हे कोडं त्या घरात तीस वर्षं सुटलं नाही.

अर्ज टाईप झाला की तो लगेच हातात पडत नसे. पाकिटात घालून तो त्या बिस्किटांच्या डब्यात जाई आणि एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत तिथेच राही. "कैरीचं लोणचं आठ दिवस मुरू देता, आणि आयुष्याचा अर्ज गरम गरम टपालात टाकता?" असं ते विचारत. आठ दिवसांनी, बाजारच्या दिवशी बरोबर अकरा वाजता, अर्जदाराने स्वतः यायचं, डबा उघडायचा, आपल्या हाताने तिकीट चिकटवायचं आणि समोरच्या टपालपेटीत पाकीट टाकायचं. दुसऱ्या कोणाला धाडलेलं चालत नसे. या आठ दिवसांत काही पोरांचा विचार बदले आणि त्यांचे आईबाप मास्तरांच्या नावाने खडे फोडत.

एवढं करून नोकरी लागलीच, तरी सुटका नव्हती. महिन्यातून एकदा मास्तर एस.टी.ने कुठेतरी जात आणि बरोबर अकराला एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या कचेरीत जाऊन उभे राहत. बोलायचं काही नाही, नुसतं बघायचं आणि परत यायचं. राहुरीला त्यांचा एक विद्यार्थी त्यांना खिडकीबाहेर पाहून इतका गडबडला म्हणे, की त्याने साहेबाच्या चहाच्या बशीतच रबरी शिक्का बुडवला. संध्याकाळी जेवताना आम्हाला अहवाल मिळे. अमका जांभया देत होता, तमका दुसऱ्याच्या चुका शोधत होता. फक्त एकदा, बेलापूरच्या पोस्टातला एक पोरगा शिक्के मारता मारता एका म्हातारीला तिच्या लेकाचं पत्र वाचून दाखवत होता, ते पाहून आल्यावर मास्तर दोन भाकरी जास्त जेवले. तो पोरगा साधा पोस्टमन होता, आणि मास्तरांच्या लेखी सगळ्यांत पुढे गेलेला तोच होता.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो दुष्काळाच्या वर्षी. बी.ए. झालो होतो, आणि ताईकडे राहून टायपिंग शिक, म्हणजे कुठेतरी चिकटशील, असं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवलं होतं. अण्णा खेड्यातल्या शाळेत शिक्षक. तीस वर्षं खडू झिजवून त्यांची एकच इच्छा उरली होती, की मुलाने जिल्ह्याच्या कचेरीत पंख्याखाली बसावं. मी चार नंबरच्या मशीनवर बसलो आणि चार नंबर झालो. पण माडीच्या खिडकीतून समोर ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा एक कारखाना दिसे, आणि माझी बोटं मशीनवर असली तरी कान तिकडे असत. हळूहळू मी दुपारी तिकडे जाऊ लागलो. महिनाभरात आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं ओळखू लागलो. ताई माझे सदरे धुताना काळे डाग पाही आणि रिबीन बदलली असेल असं समजे. निदान मला तरी तसं वाटत होतं.

अशात जिल्ह्याच्या कचेरीतल्या कारकुनांच्या जागा निघाल्या. अण्णांचं पत्र आलं, पाठोपाठ दुसरं आलं. मी मास्तरांसमोर बसलो. त्यांनी प्रश्न विचारला. अकरा वाजता मी टेबलाशी बसून फायली बघत असेन, असं मी पाठ केल्यासारखं सांगितलं. मास्तरांची बोटं टेबलावर चालू लागली, उजव्या हाताची. मग त्यांनी मुकाट्याने अर्ज टाईप केला. आयुष्यात पाहिला नाही इतका सुरेख अर्ज होता तो, एक खाडाखोड नाही. पाकीट डब्यात गेलं. पुढच्या बाजारच्या दिवशी अकराला ते काढून टाकलं की दुपारच्या टपालाने निघून दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या तारखेला, नगरला पोचणार होतं.

त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला मी ताईच्या दारात उभा होतो, तर एक शेतकरी सायकलवरून घामाघूम होऊन आला. राहुरीकडच्या माळावर त्याची विहीर होती, आणि सगळी वस्ती तिचंच पाणी पीत होती. "इंजिन चालतंय, पन पानी येत न्हाई," तो म्हणाला. "दोन दिस झालं. बायामानसं भांडी घिऊन बसल्यात. तुमाला लई कळतं म्हनत्यात." दोन तासांत परत येईन असं ताईला सांगून मी त्याच्या सायकलवर डबलशीट बसलो.

पाणी खाली गेलं तसं इंजिनही विहिरीत उतरवलेलं होतं. लोकांनी दोन दिवसांत ते तीनदा खोललं होतं, आणि बिचाऱ्या इंजिनाचा काही दोषच नव्हता. पाण्यातल्या पाइपाच्या टोकाला जी झडप असते तिचं कातडं फाटलं होतं, त्यामुळे ओढलेलं पाणी परत खाली पडत होतं. नवं कातडं आणायला श्रीरामपूरला जावं लागलं असतं. वर काठावर चाळीसएक बायका हंडे घेऊन बसल्या होत्या. मी माझी एक चप्पल काढली, तिचा तळ कापून कातडं बनवलं आणि झडप बसवली. हँडल मारलं. पाणी वर आलं तेव्हा मी विहिरीतून मान वर करून त्या बायकांकडे पाहिलं. खरं सांगतो, तसा आनंद मला पुन्हा माझ्या लग्नातही झाला नाही. मग त्यांनी मला भाकरी-पिठलं खाऊ घातलं. मी शेजारच्या विहिरीचं इंजिनही बघून टाकलं आणि एक चप्पल घालून श्रीरामपूरला परतलो तेव्हा उन्हं कलली होती. वेशीजवळ आल्यावर मला अर्ज आठवला.

घरी अण्णा बसले होते. मुलगा अर्ज टाकताना डोळ्यांनी पाहावा म्हणून ते मुद्दाम आले होते आणि एस.टी. चुकल्याने दुपारी पोचले होते. त्यांनी माझ्या अनवाणी पायाकडे पाहिलं, काळ्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, अर्ज टाकलास का? मी तोंड उघडणार तेवढ्यात मास्तर माझ्यामागून दारातून म्हणाले, "अण्णा, चूक माझी आहे. याने पाकीट माझ्याकडे दिलं होतं. मी टपालात टाकायला विसरलो."

मास्तर कोणाचं पाकीट स्वतः टाकत नाहीत हे सगळं गाव जाणत होतं, फक्त अण्णा जाणत नव्हते. ते ओरडले नाहीत. आपली पिशवी उचलून ते म्हणाले, "मास्तर, तुमचं स्वतःचं तर झालं नाहीच, माझ्या पोराचंही तुम्ही होऊ दिलं नाही." आणि ताईच्या हातचं पाणीही न घेता निघून गेले. मी तिथेच उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं. मी बोललो नाही. याची लाज मला आजही वाटते, आणि ती कमी झालेली नाही.

पुढे मी इंजिनांचाच झालो. समोरचा तो कारखाना काही वर्षांनी मीच घेतला. माझ्याबरोबर बी.ए. झालेला एक मित्र त्याच वेळी त्या कचेरीत लागला. आता त्याचा नगरला बंगला आहे, त्याला पेन्शन आहे आणि त्याची पाठ दुखत नाही. माझी दुखते. अण्णा शेवटपर्यंत लोकांना सांगत, एका विसरभोळ्या माणसापायी माझ्या मुलाची नोकरी गेली. ताईकडच्या कुठल्याही कार्याला ते आले नाहीत, आणि मास्तरांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. ते फक्त महिन्यातून एकदा अकरा वाजता माझ्या कारखान्याच्या दाराशी येऊन उभे राहत. माझ्याबद्दलचा अहवाल ताईलाही कधी मिळाला नाही.

बऱ्याच वर्षांनी तो सायकलवाला शेतकरी माझ्या कारखान्यात इंजिनाचा पट्टा घ्यायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, "तवा मास्तरांनीच धाडलं हुतं मला तुमच्याकडं. म्हनले, अकराच्या आत विहिरीत उतरवा त्याला." मी हातातला पाना खाली ठेवला. म्हणजे त्यांनी हे ठरवून केलं? की वस्तीला पाणी हवं होतं आणि दुसरं कोणी सुचलं नाही? मी तसाच माडीवर गेलो आणि विचारलं. मास्तर तेव्हा थकले होते, मशीनं झाकलेली होती. त्यांनी मलाच उलट विचारलं, "त्या दिवशी अकराला तू काय करत होतास?" विहिरीत होतो, मी म्हणालो. "जांभई आली होती?" नाही, म्हटलं. त्यावर ते माठातलं पाणी प्यायले आणि विषय संपला.

ते गेल्यावर ताईने तो बिस्किटांचा डबा माझ्याकडे दिला. आत एकच पाकीट होतं, माझं. कागद पिवळा पडला होता, पत्ता तसाच ठसठशीत होता. आणि पाकिटावर तिकीट लावलेलं होतं. मी लावलं नव्हतं. म्हणजे त्या दिवशी मी आलो नाही असं पाहून मास्तरांनी आपला नियम मोडला होता. पाकीट टाकायचं म्हणून त्यांनी तिकीट चिकटवलं असणार. मग टाकलं का नाही? जिना उतरताना विचार बदलला? की अण्णांना सांगितलं तेच खरं होतं आणि ते खरोखरच विसरले? शेतकऱ्याला माझ्याकडे धाडणारे मास्तर आणि तिकीट लावणारे मास्तर एकाच सकाळी एकाच माडीवर होते, आणि मला ते दोघे काही केल्या एकत्र बसवता येत नाहीत.

आता कारखाना मुलगा बघतो, पण अकराला मी असतोच. मास्तर त्यांच्या शेवटच्या वर्षी असेच दाराशी आले होते. मी एका इंजिनात डोकं घालून बसलो होतो. मान वर केली तर ते दाराच्या चौकटीवर हात ठेवून उभे, आणि बोटं चालू होती, दोन्ही हातांची, हळूहळू, बराच वेळ. मी हातातलं काम सोडून वाचायचा प्रयत्न केला. सहा महिने त्यांच्यासमोर बसून शिकलो होतो, तरी मला एक अक्षर लागलं नाही. अण्णांना खरं सांग, असं म्हणत असतील का? अण्णा तेव्हा हयात होते. मी उठून विचारायला जाईपर्यंत ते पाठ फिरवून बाजाराच्या गर्दीत गेले होते, आणि समोर इंजिन उघडं पडलं होतं म्हणून मी परत वळलो.