क्रिस्पीनच्या चरातला पाला

आमच्या पिरिबेबुय गावच्या फुटबॉल मैदानाखाली नुसती चिकणमाती. वर प्लास्टिकची हिरवळ अंथरायची, तर खाली पाणी निचरायला हवं, म्हणून ठेकेदार क्रिस्पीन ओवेलारनं बारा गडी लावून चर खणले, भोकांचे पाइप टाकले, वर खडी भरली. रविवारी उद्घाटनाचा सामना, आन् गुरुवारच्या पावसात मैदानाचं तळं झालं.

उकरलं, तर खडीत ओला पाला, पाइपांची भोकं बुजलेली! गडी महिनाभर तेरेरे, म्हणजे बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या पाल्याचा गार चहा, पीत होते आन् पेल्यातला चोथा चरातच झटकत होते.

"आजपासून तेरेरे बंद!" कमिटीची अध्यक्षीण एउलालियाबाई गरजली.

"बाई, मग खडी तुम्हीच धुवा," क्रिस्पीन म्हणाला.

बाराही गडी घराकडं वळले होते.

शेवटी बाईनंच तेरेरेसाठी बर्फाचं पाणी भरून दिलं. दोन दिवस गडी खडी धूत होते, आन् प्रत्येक गड्यामागं कमिटीचा एकेक माणूस चोथा झेलायला बादली घेऊन हिंडला. सामना कोरड्यात झाला.