समुद्रकिनारी येळवस

'तुम्ही कोणत्या प्रकारचे प्रवासी आहात?' हे वाक्य माझं आहे. धाराशिवच्या बसस्टँडसमोर अमरसिंहचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. तिथल्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ते छापलंय. पुढची पानंही माझीच. नव्या जोडप्यांसाठी 'बर्फातली पहिली पावलं', पेन्शनरांसाठी 'निवांत कोकण', फक्त बायकांसाठी 'चार दिवस माझे', आणि ऊस कारखान्याला घालून मोकळ्या झालेल्या बागायतदारांसाठी थेट दुबई. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं, त्याचं हे असं चीज झालं. "सर, जरा स्टायलिश लिहा," असं अमरसिंह म्हणतो आणि मी स्टायलिश लिहितो. त्याबद्दल वर्षातून एक सहल मला आणि बायकोला, आमच्या चंद्रप्रभाला, फुकट.

प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ मात्र कायम असते : 'सोबत घरच्या चवीचं जेवण.' ती चव म्हणजे महानंदा.

आमच्या माणसाला जग बघायचं असतं, पण जीभ घराबाहेर न्यायची नसते. काश्मीरला जाईल आणि शेंगदाण्याची चटणी मागेल. केरळात होडीत बसून विचारेल, 'भाकरी कधी व्हायची?' म्हणून आपल्याकडच्या सहलींत बसच्या पुढं स्वयंपाकाचा टेम्पो धावतो. त्यात शेगडी, सिलिंडर, परातींची चळत, पिठाची पोती, आणि पोत्यांना टेकून महानंदा व तिचा जोडीदार आचारी रामहरी. पुढच्या मुक्कामी मंडळी पोचायच्या आत जेवण तयार पाहिजे, म्हणून टेम्पोनं कुठं थांबायचं नाही. मंडळी देखावे बघत मागून येतात. अकरा वर्षं महानंदानं असा देश पाहिला, ताडपत्रीच्या आतून.

ती बेंबळीची. माझी विद्यार्थिनी. तिथं मी नवाच मास्तर होतो तेव्हा ती चौथीत होती. भूगोलाच्या तासाला मी ठोकून दिलं होतं, "समुद्राला पलीकडचा काठ दिसत नाही." स्वतः तोवर मी तेरणेच्या धरणापलीकडं पाणी पाहिलं नव्हतं. महानंदा उठून म्हणाली, "गुरुजी, काठ न्हाय तर पानी सांडत कसं न्हाय?" वर्ग हसला. उत्तर मला येत नव्हतं, म्हणून मी तिला छडी मारली. पुढच्या वर्षी तिची शाळा सुटली. प्रश्न मात्र सुटला नाही. चाळीस वर्षांनी अमरसिंहच्या ऑफिसात भेटली तेव्हा ओळख दिल्यावर तिनं पहिलं काय विचारावं? "गुरुजी, तुमी बघितला का मग समुद्र? पल्याडचा काठ खरंच दिसत न्हाय?"

कोकणात ती नऊ वेळा गेली होती. मुक्काम कुडाळला, महामार्गाच्या कडेला. समुद्र तिथून तीसेक किलोमीटर. मंडळी सकाळी बसनं जायची, संध्याकाळी यायची, आणि चपला झाडल्यावर जेवणाच्या हॉलमध्ये जी वाळू पडायची ती महानंदा झाडून काढायची. एवढाच तिचा समुद्र. "कसा व्हता वो?" असं ती प्रत्येकाला विचारायची. "लई भारी," असं म्हणून लोक ताटावर बसायचे.

गेल्या दिवाळीनंतर तिनं अमरसिंहला तोंडावर सांगितलं, "भाऊ, औंदा समुद्र दावनार असला तर येते. न्हायतर दुसरी बघा."

अमरसिंह हसला. "एवढंच व्हय? तिसऱ्या दिवशी बसमधी बसायचं, पॅसेंजरसारखं. सत्तावीस नंबरची सीट तुमची. त्या दिवशीचं रामहरी बघंल."

ती माझ्याकडं वळली. "गुरुजी, तुमी मधी हायत."

आमच्याकडं व्यवहाराला माणूस मधी लागतो. शब्द फिरला तर मधल्यानं तो निस्तरायचा. "आहे ना मी," मी ऐटीत म्हणालो.

नाताळच्या सुट्टीत 'निवांत कोकण' निघाली. चाळीस माणसं : कळंबचे, परंड्याचे, धाराशिवचे, बहुतेक निवृत्त, शेतं वाट्यानं दिलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुडाळच्या मुक्कामी चहा मागायला मागच्या अंगणात गेलो, तर महानंदा ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. बेंबळीहून पोतं आणलं होतं तिनं.

"गुरुजी, उद्या येळवस हाय. ध्यानात हाय का?"

माझ्या नव्हतं. कुणाच्याच नव्हतं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगून पटणार नाही. मार्गशीर्षातल्या त्या वेळ अमावस्येला आमची गावं ओस पडतात, झाडून सगळे शेतात असतात. तुरीचे, हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाज्या, चिंच आणि बेसन घालून शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ताकात पीठ कालवून आंबवलेली आंबील, हे सगळं काळ्या आईला दाखवायचं आणि 'ओलगे ओलगे' म्हणत पिकाभोवती आंबील शिंपडायची. एरवी शेताचं तोंड न पाहणाराही त्या दिवशी बांधावर जातो. आणि आम्ही चाळीस शहाणे कोकणात निवांत!

महानंदानं झाकण काढून एक तांब्या दाखवला. "एवढीच आंबील घातलीय. उद्या जाते तर न्हेते. शेत न्हाय तर समुद्राला शिंपडीन, म्हनलं. त्योबी कुनाचं तरी रानच की."

वाक्य ऐकलं आणि माझ्यातला माहितीपत्रकवाला जागा झाला. त्याची मला आजही लाज वाटते.

त्या संध्याकाळी गावाकडून फोन सुरू झाले : 'उद्या येळवस, कुठं हायसा?' जेवणाच्या हॉलमध्ये एकच गिल्ला. परंड्याचे एक आजोबा तर अमरसिंहच्या अंगावर धावून गेले. "तारीख काढताना डोळे फुटले व्हते का?" अमरसिंहचा चेहरा उतरला. तेव्हा मी उभा राहिलो आणि टाळी वाजवून म्हणालो, "मंडळी, उद्या समुद्रकिनारी येळवस!" सगळा हॉल खूश. अमरसिंहनं मला मिठी मारली. भज्जी कुणाला येते हे त्या क्षणी माझ्या लक्षातच आलं नाही. रामहरी सोलापूरचा. त्याला येळवस ठाऊक, पण भज्जीवर हात बसलेला नव्हता; ती एकट्या महानंदालाच यायची.

महानंदाला सांगायला आम्ही दोघं गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडं एकदा बघितलं, बस्स. मग म्हणाली, "करते. पन एक वाजता जेवनासंगं मीच टेम्पोत येनार." अमरसिंहनं मान डोलावली. मीही.

सकाळी बस निघाली तेव्हा सत्तावीस नंबरची सीट चंद्रप्रभाच्या शेजारी रिकामी होती. मी तिच्यावर पिशव्या ठेवल्या. चंद्रप्रभा एवढंच म्हणाली, "त्या बाईची जागा आहे ती."

पहिला टेम्पो अकराला आला, रामहरी एकटा, भज्जीचं पातेलं आणि उंडे घेऊन. खीर व्हायची होती. पातेलं उतरवून रामहरी लगेच गाडी घेऊन परत फिरला; दुसऱ्या खेपेला एकाला महानंदा येणार होती. वाळूत पंगत बसली. तेवढ्यात पुण्याची एक सहल शेजारी उतरली, त्यांनी कुतूहलानं विचारलं, आणि अमरसिंहचे डोळे चमकले. त्यानं त्या तीस जणांना आग्रहानं पंगतीला बसवलं आणि त्यांचे व्हिडिओ काढायला लागला. आयजीच्या जिवावर बायजी उदार! पातेलं तळाला गेलं.

"सर, तुमचं ऐकती ती," अमरसिंह म्हणाला. "फोन लावा. अजून तीस-चाळीस मानसांचं करायला सांगा."

मी लावला.

"महानंदा, जेवण कमी पडलंय. खीर रामहरीबरोबर पाठव आणि तू परत भज्जी टाक."

पलीकडं टेम्पोचं इंजिन सुरू असलेलं ऐकू येत होतं. "गुरुजी, म्या गाडीत बसलेय."

"अगं, गाडी परत येईल तुला न्यायला. दिवस मावळायच्या आत पोचशील."

"तुमी मधी हायत ना?"

"आहे ना मी," मी परत म्हणालो. तेच शब्द, तीच ऐट.

ती उतरली. नवं लुगडं सोडून जुनं नेसली आणि परातीशी बसली, हे रामहरीनं मला नंतर सांगितलं. खिरीबरोबर तिनं आंबिलीचा तांब्या पाठवला होता. "गुरुजींना म्हनावं, मी येईस्तवर सावलीत ठिवा." अमरसिंहनं तो तसाच उचलला, गॉगल लावला आणि पाण्यात उभं राहून 'ओलगे ओलगे' करत ओतला. व्हिडिओ नीट आला नाही म्हणून दुसऱ्यांदा ओतला. तिसऱ्यांदा आंबील संपली होती, तेव्हा तांब्यात समुद्राचंच पाणी भरून ओतलं. मी बघत होतो.

तीनच्या सुमाराला पुण्याचे लोक हात धुऊन निघून गेले. आमची मंडळी वाळूत आडवी झाली. अमरसिंहनं रामहरीला सांगितलं, "आता काय नको. पोटं भरली. गाडी हितंच राहू दे, भांडी भरून जाऊ." हे माझ्यापासून चार हातांवर घडलं. मी उठून एवढंच म्हणायचं होतं, की गाडी जाऊ दे, तिला आण. पण माझी खुर्ची सावलीत होती, हातात शहाळं होतं, आणि फुकटच्या सहलीत भांडण कशाला, असा विचार मी केला. याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही. असतं तर बरं झालं असतं.

मुक्कामी पोचलो तर अंगणात चाळीस माणसांची भज्जी झाकून ठेवलेली. कुणालाच भूक नव्हती. "टाकून द्या," अमरसिंह म्हणाला. महानंदानं नेहमीसारखा झाडू घेतला आणि आमच्या चपलांतून सांडलेली वाळू गोळा केली. मी समोर उभा होतो. तिनं सुपली माझ्या पायाशी धरली आणि म्हणाली, "पाय उचला, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कोल्हापूरच्या रस्त्याला लागले, टेम्पो पुढं, बस मागं. चंद्रप्रभा घरी पोचेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. आणि महानंदानं काम सोडलं.

उन्हाळ्यात बसस्टँडसमोर मोठा फ्लेक्स लागला. 'समुद्रकिनारी येळवस! फक्त आमच्याकडे.' शब्द माझे. मधोमध महानंदा, हातात पळी, डोक्यावर पदर. फोटो कुडाळच्या अंगणातला, पण मागची शेगडी कापून तिथं समुद्र चिकटवलेला, कुठल्या तरी परदेशातला, निळाशार, काठावर माडांची रांग. तिला उभ्या जन्मात न दिसलेल्या समुद्रापुढं तिला हसत उभं केलं होतं.

बाजाराच्या दिवशी ती मला त्याच फ्लेक्सखाली दिसली. बेंबळीच्या गाडीला अवकाश होता. हातात मेथीची जुडी. दोन कॉलेजच्या पोरी फ्लेक्सकडं आणि तिच्याकडं बघून म्हणाल्या, "मावशी, तुमीच का? लई नशीबवान हो, समुद्रावर राहता!" तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

मला बघून ती जरा बाजूला सरकली, जागा केल्यासारखी. मी माफी मागायची म्हणून शब्द जुळवत होतो. ती माझ्याकडं बघतच नव्हती. स्वतःच्या फोटोकडंही नाही. त्याच्या मागं, पार कडेपर्यंत बघत होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "असाच असतोय का?"

आमचा समुद्र मातकट असतो. येळवशीच्या दिवशी तिथं ओहोटी होती, किनाऱ्यावर प्लास्टिक होतं, आमच्याच पत्रावळी होत्या. आणि फ्लेक्सवरच्या निळ्या पाण्यापलीकडं, छापणाऱ्यानं कुठल्या चित्रातून उचललं कोण जाणे, हिरव्या जमिनीची एक बारीक रेघ होती. पलीकडचा काठ.

"हो," मी म्हणालो. "असाच."

"मंग पल्याडचा काठ दिसतोय की," महानंदा म्हणाली. "उगंच मारलं तुमी मला."

बेंबळीची गाडी लागली. ती मेथीची जुडी सावरत गर्दीत शिरली. उभ्यानंच गेली, बसायला जागा नव्हती.