हाफ क्लचवरचा परण्या

दाजींना मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा करणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, राहणार लातूर, आणि आमच्या घरचा थोरला जावई. धाकटा जावई म्हणजे माझा नवरा, पण तो पंगतीत भाजी वाढा म्हणायलाही लाजतो. त्यामुळे मानपान सगळा दाजींच्याच वाट्याला जायचा.

आमच्या धाकट्या भावाचं लग्न नांदेडला होतं. आमच्याकडे लग्न लागायच्या आधी नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला नेतात आणि तिथून वाजतगाजत मांडवात आणतात. त्याला परण्या म्हणतात. पूर्वी घोडा असायचा, आता फुलं लावलेली गाडी असते. पुढे बँड, बँडपुढे नाचणारी पोरं, आणि मागून गाडी मुंगीच्या पावलानं. भावानं मला महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं, "तुझ्याच गाडीत बसणार मी." आम्ही तेव्हा पुण्यात होतो आणि माझी गाडी ऑटोमॅटिक होती. ब्रेक सोडला की आपोआप सरकायची, दाबला की थांबायची. परण्यासाठी याहून सोयीची गाडी नाही, असं मला वाटत होतं. सकाळी उठून मी स्वतः तिला धुतलं, झेंडू आणि निशिगंधाच्या माळा लावून घेतल्या.

दाजी लातूरहून त्यांची पांढरी, मोठी, गिअरची गाडी घेऊन आले. उतरल्या उतरल्या माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली आणि खिडकीतून आत डोकावले.

"क्लच कुठाय हिला?"

"नसतो दाजी. ऑटोमॅटिक आहे."

"मग म्याडम, तुम्ही हिच्यात बसून करता काय?"

मांडवातले सगळे हसले. दाजींना हसणारे मिळाले की ते थांबत नाहीत. "ही गाडी हाय का पाळणा? चढावर मधीच बसली तर नवरदेवाला काय खांद्यावर न्यायचं? काढा रे ते फुलं. माझ्या गाडीला लावा."

पोरांनी माळा ओरबाडल्या. मी आईकडे पाहिलं. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "जावयाचा मान हाय. तू गप." भाऊ बाशिंग सांभाळत, माझ्याकडे न बघता, त्यांच्या गाडीत जाऊन बसला. माझ्या बॉनेटवर चिकटपट्टीचे तुकडे आणि चार चुरगळलेल्या पाकळ्या राहिल्या.

मी त्या परण्यात पायी चालले. ऐन उन्हाळा, अंगावर पैठणी आणि पायात नव्या सँडल. दाजी काळा चष्मा लावून, कोपर खिडकीबाहेर काढून गाडी चालवत होते. मध्येच त्यांनी मान बाहेर काढून विचारलं, "म्याडम, पाय दुखून राहिले का?" मी हसले. बाईमाणूस अशा वेळी हसतं, तसंच. त्या हसण्याचा मला दाजींपेक्षाही जास्त राग आला, आणि तो अजून येतो.

त्याच वर्षी माझी बदली नांदेडला झाली. आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर ऑटोमॅटिक विकली आणि गिअरची, जुनी, पण दणकट गाडी घेतली. नवरा म्हणाला, "दाजींवरच्या रागापायी चांगली गाडी विकून राहिलीस?" मी म्हटलं, "हाव." यात खोटं बोलण्यासारखं काही नव्हतं.

लायसन्स काढताना कधीतरी गिअरची गाडी शिकले होते, पण ते सगळं पुसलं गेलं होतं. ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय फुकटा प्रवासी असतो. इतकी वर्षं आयतं बसून खाल्लेल्या त्या पायाला आता कामाला लावायचं होतं, आणि तो काही केल्या ऐकेना. थांबायचं म्हटलं की मी जुन्या सवयीनं नुसता ब्रेक दाबायची. गाडी दोन आचके द्यायची आणि बंद पडायची. कधी क्लच समजून डावा पाय धाडकन ब्रेकवर पडायचा, आणि नवऱ्याचं कपाळ काचेला भेटून यायचं.

मुदखेडच्या रस्त्यावर रेल्वेच्या फाटकात तर माझी पार शोभा झाली. फाटक उघडलं, सगळे निघाले, आणि माझी गाडी रुळांच्या अलीकडे चढावर बसली. चालू केली, बसली. पुन्हा चालू केली, पुन्हा बसली. मागून एकजण ओरडला, "ओ ताई, उठवा की तिला!" आरशात पाहिलं तर तो कोणी ट्रॅक्टरवाला होता, पण मला दाजीच दिसले, काळ्या चष्म्यासकट. मी त्यांना मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या की माझ्या मलाच त्यांचं नवल वाटलं. त्या शिव्यांच्या जोरावर गाडी निघाली. तेव्हापासून क्लच दाबताना मी दाजींचं नाव घ्यायला लागले. पाय सुधारला.

हाफ क्लच मात्र माहूरच्या घाटात शिकले. नवरा देवीच्या दर्शनाला निघाला होता, मी चढ शोधत होते. सुट्टीचा दिवस होता, यात्रेकरूंच्या गाड्यांची रांग लागलेली, एक हात पुढं जायचं आणि थांबायचं. क्लच अर्ध्यावर आणला की टाचेखाली बारीक थरथर लागते. तिथंच पाय धरून ठेवायचा. गाडी मागंही जात नाही आणि पुढंही जात नाही, नुसती ओढ घेऊन उभी राहते. शहाणे लोक असं फार वेळ करू नका म्हणतात, क्लच जळतो. मला परवा नव्हती. वर पोचेपर्यंत पिंडरीत गोळे आले होते, पण गाडी एकदाही बसली नव्हती. रेणुकामातेपुढं लोक लेकरं मागतात, नोकरी मागतात. मी हात जोडून म्हटलं, "आई, दाजींच्या पोराचं लग्न लवकर जमू दे."

आईनं ऐकलं. लग्न जमलं, लातूरलाच. आणि वर प्रसाद म्हणून आणखी एक बातमी दिली. ती बहिणीनं फोनवर सांगितली. दाजींचा डावा गुडघा धरला होता, डॉक्टर म्हणाले क्लच दाबायचा नाही, म्हणून दाजींनी पांढरी गाडी काढून नवी घेतली. ऑटोमॅटिक.

फोन ठेवल्यावर मी एवढी हसले की नवरा पाणी घेऊन आला.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. ऑटोमॅटिकमध्येही प्रकार असतात. माझी होती ती चढावर तासभर रांगली असती. दाजींनी घेतली ती स्वस्तातल्या प्रकारातली, तिला रांगणं सोसत नाही, तापते. मला हे चांगलं ठाऊक होतं. परण्याच्या दिवशी सकाळी दाजी तिला फुलं लावून घेत होते, तेव्हा मी शेजारीच उभी होते. एक शब्द बोलले नाही. फक्त माझी गाडी धुऊन घेतली आणि मारुतीच्या देवळापाशी, तोंड रस्त्याकडे करून, लावून ठेवली. घोडामैदान जवळच होतं.

देवळापासून मंगल कार्यालयापर्यंत रस्ता चढता आहे. बँड रंगात आला. नवरदेवाचे मित्र नाचायचे, गाडी थांबायची, ते दोन पावलं सरकायचे, गाडी सरकायची. अर्ध्या चढावर दाजींच्या गाडीनं आधी पीं पीं केलं, मग जळका वास सोडला आणि मग ती बसली. दाजींनी बटण दाबलं, ब्रेक दाबला, पोराला काहीतरी बोलले, पुन्हा बटण दाबलं. बँडवाले वाजवतच होते.

मी तोवर माझी गाडी मागून आणून शेजारी उभी केली होती.

"तिकडचे फुलं काढा," मी पोरांना म्हटलं, "अन् इकडं लावा."

दाजींचा एक पुतण्या धावत आला. "मावशी, चावी द्या, मी घेतो गाडी. चढ हाय."

"गाडी माझी हाय. मीच चालवणार."

माळा लागल्या. भाचा उतरून करवलीसोबत माझ्या मागच्या सीटवर आला. म्हणाला, "मावशी, वेळेवर आलीस बघ." त्याला काय माहीत मी किती दिवस आधी निघाले होते. दाजी गुडघ्यावर हात ठेवून उतरले, सावकाश आले आणि पुढच्या दाराला हात घातला. मी कुलूप लावलं होतं.

"दाजी, जागा न्हाई."

त्या सीटवर माझी पर्स होती. दाजींनी पर्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चार पाहुणे बघत होते, म्हणून ते हसले. ते हसू मी ओळखलं. कसं हसतात ते मला चांगलं माहीत होतं.

मग मी परण्या चालवला. पहिला गिअर, पाय अर्ध्यावर, टाचेखाली थरथर. दाजी माझ्या खिडकीशेजारून लंगडत चालले होते, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. मी काच खाली केली आणि विचारलं, "दाजी, पाय दुखून राहिले का?" इतकं गोड काही मी त्या वर्षात खाल्लं नव्हतं.

तेवढ्यात बहीण गर्दीतून माझ्या खिडकीशी आली. वरमाय, अंगभर शालू, कपाळावर घाम. मला वाटलं, आता ही म्हणणार, यांना आत घे. मी नाही म्हणायचं ठरवलं होतं, आणि तिच्यापुढं ते मला जमणार नाही हेही मला कळत होतं. मी पर्स उचलायला हात पुढं केला.

"राहू दे ती तिथंच," ती म्हणाली. आणि खिडकीत वाकून, अगदी हळू, "औशाच्या रस्त्यावर मला यांनी एकदा गाडीतून उतरवलं होतं. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. हा पोटात होता. घरापर्यंत चालत आले मी. तुला न्हाई सांगितलं कधी."

तिनं मागच्या सीटवरच्या लेकाकडे बघून त्याचं बाशिंग नीट असल्याची खूण केली.

"हळू घे," मला म्हणाली. "बँडवाल्याला मी सांगते, अजून दोन गाणे वाजव म्हणून."

ती पदर खोचून पुढं गेली. मी क्लच पूर्ण दाबला, ब्रेक धरला आणि गाडी उभी केली.